गच्चीचा काना

गच्चीवर जाताना ते चपला काढत. फक्त स्वतःच्या घरी नव्हे, कुठल्याही गच्चीवर. नगरपालिकेच्या दवाखान्याची असो, मंडईची असो की पंपघराची, जिन्याच्या पहिल्या पायरीशी चपला जोडीनं ठेवायच्या आणि अनवाणी वर जायचं. एप्रिलच्या उन्हात काँक्रीट तापलेलं असलं तरी नियम तोच. मग ते टाचा उचलत उचलत चालत आणि त्यांच्यामागून आम्हीही नाइलाजानं तसेच. रस्त्यावरून बघणाऱ्याला नगरपालिकेचे लोक वर कसला नाच बसवतायत असं वाटत असणार.

"कुणाच्या तरी तोंडात जायाचा सांडगा वाळतोय हितं," ते म्हणायचे. "देवळात देव बसतोय, त्यो काय जेवत न्हाय. गच्चीवर माणसांचं जेवाण असतंय."

ते आमच्या नगरपालिकेत मॅनेजर होते. मी बेळगावची, अनगोळची. क्लार्क म्हणून लागले आणि पहिलीच नेमणूक मिळाली ती निपाणीच्या अलीकडच्या या छोट्या गावात. घरात मराठी, ऑफिसात कन्नड, बाजारात दोन्ही आणि भांडण फारच रंगलं तर हिंदी, असा तिथला कारभार. माझं टेबल त्यांच्या टेबलासमोर होतं. सुरुवातीचे काही महिने मला ते अजिबात आवडले नाहीत. मी रीतसर टाइप करून नेलेल्या कागदाकडे न बघता "बाई, त्या पिवळ्या घराच्या गच्चीवर आज गाद्या कशापायी टाकल्यात सांगा बघू" असं विचारणारा माणूस साहेब म्हणून कुणाला आवडेल?

गाद्यांचं कारणही तेच सांगायचे. "लगीन ठरलंय. येवढ्या गाद्या पावण्याबिगर कोण उन्हात घालतंय." आणि आठवड्याभरात त्या घरातला कुणीतरी खरंच मांडवाची परवानगी मागायला येऊन उभा राहायचा.

आमच्या ऑफिसवर पत्रे होते, त्यामुळं त्यांना बसायला गच्ची नव्हती. समोरच नगरपालिकेचं समुदाय भवन होतं, एकमजली, बाहेरून जिना असलेलं. दुपारी डबा घेऊन ते तिथं वर जात, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसत आणि गावाच्या गच्च्या बघत जेवत. माणूस दारात रांगोळी काढतो ती लोकांसाठी, घरात काय चाललंय ते गच्चीवर दिसतं, असं त्यांचं ठाम मत होतं. कुणाची मुलगी बाळंतपणाला आली, कुणी वेगळी चूल मांडली, कुणाच्या घरात कबुतरांवरून वाद आहे, हे सगळं त्यांना वाळत घातलेल्या कपड्यांवरून आणि पापडांवरून कळायचं. त्याचा त्यांनी कधी कुणाला त्रास दिला नाही. फक्त माहीत असायला त्यांना आवडे.

त्यांचा मोबाईल डब्याच्याच पिशवीत राहायचा, भाकरी आणि नॅपकिन यांच्या मधोमध. तो वाजला की आम्ही म्हणायचो, सर, भाकरी वाजतीया. तो क्वचितच वाजे, कारण गावात रेंज नव्हती. म्हणजे होती, पण तिचा मुक्काम एका जागी नसे. माझ्या भाड्याच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपलं की फोन महाराष्ट्रात स्वागत करायचा आणि कूस बदलली की कर्नाटकात. बोलायला गेलं तर दोन्हीकडून नुसती खरखर. "रेंज माहेरला गेलीया, येईल दोन दिसांनी," मॅनेजर म्हणायचे आणि फोन परत भाकरीशेजारी ठेवून द्यायचे.

आता त्यांच्या कन्नडबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथूनच घडलं. त्यांचं सगळं शिक्षण मराठीत. कन्नड ते नोकरी लागल्यावर शिकले, तेही पुस्तकातून कमी आणि बाजारातून जास्त. खात्याची परीक्षा कशीबशी निघाली, पण त्यांच्या तोंडात कन्नडचा दीर्घ स्वर टिकत नसे. मराठीत जिथं आपण काना देतो, तिथं कन्नड अक्षराला एक शेपूट असतं. ते शेपूट मॅनेजर बोलताना खाऊन टाकायचे. नव्यानं नोकरीला लागल्यावर, एका कन्नड गावात, त्यांनी बाजारात केळी मागितली होती. केळ्याला कन्नडमध्ये बाळे म्हणतात. यांनी काना खाल्ला आणि 'बळे' मागितलं. बळे म्हणजे बांगड्या. केळेवाल्यानं अदबीनं शेजारच्या कासाराकडे बोट दाखवलं, आणि हे संकोचानं तिथं जाऊन उभे राहिले, मग संकोचानंच बांगड्या घेऊन घरी गेले.

"बायको लई खूश झाली," ते सांगत. "लग्न झाल्यापास्नं पयल्यांदाच न मागता काय तरी आणलंतं. चुकीनं दर वेळी वंगाळच हुतंय असं न्हाय बाई."

आणि त्यांचा आणखी एक नियम होता. रागवायचं कन्नडमध्ये आणि कौतुक करायचं मराठीत. कारण विचारलं तर म्हणाले, "राग आला की माझं व्याकरण चुकतंय. समोरचा हसतोय. भांडण तितंच मिटतंय. मराठीत भांडलो तर पुरं करावं लागंल." मला हे फार पटलं. त्या दिवसापासून ते मला आवडायला लागले असावेत.

तर गावाच्या रेंजचा प्रश्न मिटवायला एक मोबाईल कंपनी तयार झाली. त्यांना अँटेना उभारायला उंच जागा हवी होती. नगरपालिकेच्या बैठकीत ठरलं की समुदाय भवनाची गच्ची लीजवर द्यायची, मात्र रीतसर जाहीर नोटीस काढून. म्हणजे मॅनेजरांच्या जेवणाचीच जागा गेली. त्यावर ते एवढंच म्हणाले की, माझं काय, मी कुठंबी दोन घास खाईन, गावाला बोलाया तरी मिळंल. पण त्या दुपारी ते जेवून नेहमीपेक्षा उशिरा खाली उतरले.

नोटिशीचा मजकूर त्यांनी स्वतः सांगितला. आमची कॉम्प्युटर ऑपरेटर गोकाककडची, कन्नड घरातली मुलगी. ती टाइप करत होती आणि मॅनेजर खिडकीतून भवनाच्या गच्चीकडे बघत कन्नडमधून सांगत होते. गच्चीला कन्नडमध्ये माळिगे म्हणतात. यांनी नेहमीप्रमाणं काना खाल्ला आणि म्हणाले, मळिगे. मुलगी थांबली.

"मळिगेच ना सर?" तिनं विचारलं.

"व्हय, मळिगेच," मॅनेजर म्हणाले. "दुसरं काय असतंय भवनाला?"

मळिगे म्हणजे दुकानाचा गाळा. भवनाला गाळा नाही हे त्या मुलीला कुठून माहीत असणार, ती नवीन होती. सही झाली, शिक्का बसला, नोटीस फळ्यावर लागली आणि एक प्रत घंटागाडीच्या ड्रायव्हरला दिली. आमच्याकडे कचरा गोळा करणारी गाडीच कर्ण्यावरून गावाला सगळं सांगत फिरते. ड्रायव्हरनं आधी कन्नडमधून वाचलं आणि मग लोकांच्या सोयीसाठी स्वतःच मराठी केलं. समुदाय भवनाचा गाळा भाड्यानं देणे आहे, इच्छुकांनी ऑफिसात भेटावे. गल्लीगल्लीत हे ऐकवून झाल्यावर कचरा घेऊन तो गावाबाहेर गेला.

सगळ्यात आधी आली ती भजीवाली आक्का. भवनाच्या भिंतीलगत तिचा हातगाडा असे. भजी, चुरमुरे, चहा. त्याआधी कितीतरी वर्षं ती तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तिथं तिला असा खोकला जडला की बोलताना निम्मं वाक्य खोकल्यात जायचं. वखार सोडून गाडा घातला तेव्हा कुठं छाती मोकळी झाली. आता त्या भिंतीलगत गटारीचं काम निघालं होतं आणि गाडा हलवायची नोटीस तिला आमच्याच ऑफिसातून गेली होती. दुसरीकडे जागा मिळाली नाही तर परत वखार, हे तिला माहीत होतं आणि आम्हालाही. मला त्या दिवसांत तिच्या गाड्यासमोरून जाताना मान वर करवत नसे.

ती मॅनेजरांच्या टेबलावर केळ्यांचा फणा ठेवून म्हणाली, "अण्णा, गाडीवर ऐकलं. देवावानी काम केलासा. गाळ्याला शटर लोखंडी हाय का फळ्यांचं?"

मॅनेजर तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी फळ्याकडे बघितलं, आणि ऑपरेटर मुलीनं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, आता ते सांगतील की चूक झाली, गाळा नाही, गच्ची आहे. त्यांनी सांगितलं नाही.

"शटर बघून सांगतो आक्का," ते म्हणाले. "केळी घिऊन जावा. हपिसात काय घेत न्हाय मी."

"तसं न्हवं ओ," आक्का म्हणाली. "मला वखारीत परत जायाचं न्हाय. येवढंच बघा." आणि ती केळी तिथंच ठेवून गेली. मॅनेजरांनी तो फणा शिपायाकरवी तिच्या गाड्यावर परत पाठवला.

त्यानंतर गावातला एक शिंपी येऊन गेला, झेरॉक्सवाला येऊन गेला, सायकलचं पंक्चर काढणारा येऊन गेला. मोबाईल कंपनीचं मात्र कुणी फिरकलं नाही. गाळ्यात कोण अँटेना उभारतो?

मॅनेजर दोन दिवस टेप घेऊन समुदाय भवनाभोवती फिरत होते. शेवटी जिन्याखाली थांबले. तिथं एक मोडकं दार लावलेली तिरकी पोकळी होती आणि आत भवनाची फुटकी बाकं, कुठल्या तरी लग्नात विसरलेली एक भली मोठी कढई आणि उंदरांचा संसार. त्यांनी आत शिरून दार लावून घेतलं, मग बाहेर आले, आणि डोक्यावरची जळमटं न काढताच चीफ ऑफिसरांकडे गेले. मला त्यांनी सोबत घेतलं होतं.

आमचे चीफ ऑफिसर विजापूरकडचे, तरुण आणि कडक. ते म्हणाले, यात विचार कसला करायचा, शुद्धिपत्रक काढा, गाळा नाही गच्ची आहे म्हणा, विषय संपला. मॅनेजरांनी जिन्याखालच्या जागेचं सांगितलं. साहेब म्हणाले, तसा ठराव नाही. मॅनेजर म्हणाले, ठराव करू. साहेब म्हणाले, एका चुकीच्या अक्षरापायी नगरपालिका दुकान काढत नसते. आणि मग मॅनेजर चिडले. इतकी वर्षं मी त्यांना चिडलेलं पाहिलं होतं, पण साहेबांवर कधी नव्हतं.

त्यांना म्हणायचं होतं, नगरपालिकेनं शब्द दिलाय. कन्नडमध्ये शब्दाला मातु म्हणतात. ते तावातावानं बोलायला लागले, काना नेहमीप्रमाणं खाल्ला, वर टेबलावर मूठ आपटत त-वर असा जोर दिला की मातुचं झालं 'मत्तु'. मत्तु म्हणजे 'आणि'. नगरपालिकेनं गावाला 'आणि' दिलाय, असं ते साहेबांना ठणकावून सांगत होते, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. आणि दिलाय. गाडीवरून ओरडून आणि दिलाय. दिलेला आणि परत घेता येत नाही.

साहेबांनी आधी ओठ दाबले. मग ते खुर्चीत मागं रेलून हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "मॅनेजर," ते कन्नडमध्ये म्हणाले, "दिला तर दिला. पण हा आणि कशाला जोडू मी?"

आपण काय बोललो ते आता मॅनेजरांच्या लक्षात आलं. पण लाजायच्या ऐवजी ते माझ्याकडे वळले, आणि राग संपल्यामुळं मराठीत म्हणाले, "बाई, घ्या लिवून. शुद्धिपत्रक. मळिगे या शब्दाच्या जागी मळिगे मत्तु माळिगे असं वाचावं."

गाळा आणि गच्ची. साहेब अजून हसतच होते. त्यांनी मसुद्यावर तसंच लिहिलं की पुढच्या बैठकीत ठेवा. बैठकीत फक्त एकानं विचारलं की जिन्याखाली माणूस मावतो का. मॅनेजर म्हणाले, मावणारं माणूस शोधू.

अर्ज केलेल्या सगळ्यांना त्यांनी एका सकाळी जागा दाखवायला बोलावलं. शिंप्यानं आत पाऊल टाकलं आणि कपाळाला हात लावून बाहेर आला, पायरीच्या खालच्या बाजूला आपटलं होतं. झेरॉक्सवाला दारातूनच हसून निघून गेला. पंक्चरवाल्याचं सायकलीसकट जमेना. शेवटी आक्का आत गेली. ती मुळात ठेंगणी. आतल्या आत एक गिरकी घेतली, हात वर करून पायऱ्यांना टेकवून बघितले, आणि म्हणाली, "माझं डोस्कं लागत न्हाय अण्णा."

मॅनेजरांनी तोंड फिरवलं. त्यांना हसू येत होतं की आणखी काही, ते मला दिसलं नाही. मला स्वतःला मात्र रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

कंपनीचा इंजिनिअर आला तो जाड बुटात, पिवळं हेल्मेट घालून. मॅनेजरांनी त्याला जिन्याशी अडवलं. त्यानं समजावून सांगितलं की बूट सुरक्षेचे आहेत, नियम आहे. मॅनेजर म्हणाले की हेल्मेट असू द्या, डोस्क्याबद्दल माझं काय म्हणणं न्हाय. बराच वेळ गेला. तेवढ्यात आक्कानं, अजून गाड्यावरच होती ती, त्याच्या हातात गरम भज्यांचा कागद ठेवला. भजी खाता खाता त्याचा नियम सैल झाला आणि तो मोजे घालून वर गेला. मोजणी करून खाली येताना मोज्यांना कुणाच्या तरी वाळवणातली हळद लागली होती.

करारात एक अट मॅनेजरांनी घातली. गच्चीच्या दाराची किल्ली जिन्याखालच्या गाळ्यात राहील आणि गाळा चालवणारं माणूस ती देईल. इंजिनिअरनं ती आनंदानं मान्य केली. म्हणाला, बाकी गावांत किल्ली कुणाकडे आहे हे शोधण्यातच आमचा दिवस जातो. आक्काच्या शेगडीची आच लागू नये म्हणून केबल त्यानं मागच्या भिंतीनं नेली. त्यासाठी त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

अँटेना उभी राहिली. माझ्या खोलीत आता कुठल्याही कुशीवर कर्नाटकच लागायला लागलं. काही महिन्यांनी माझी बदली बेळगावला झाली, आणि पुढं मॅनेजर निवृत्त झाले तेव्हा मला जाता आलं नाही.

परवा निपाणीला एका लग्नाला गेले होते. परतताना मुद्दाम गाडी आत घ्यायला लावली. समुदाय भवनाला नवा रंग होता. जिन्याखाली आक्काची कढई चालू होती आणि बाहेरच्या बाकावर माणसं दाटीनं बसली होती. तिनं मला ओळखलं. खोकली नाही.

"सर येतात का इकडं?" मी विचारलं.

तिनं झाऱ्यानं जिन्याकडे दाखवलं. पहिल्या पायरीशी चपला होत्या, जोडीनं ठेवलेल्या.

"कंपनीवाले म्हणत्यात, दुसऱ्या कुणाला किल्ली द्यायाची न्हाय," आक्का म्हणाली. "अण्णा दुसरे हाईत व्हय?"

मी वर जायला निघाले आणि माझं लक्ष गाळ्यावरच्या पाटीकडे गेलं. नगरपालिकेच्या प्रत्येक गाळ्यावर असते तशी निळी पाटी, पांढरी कन्नड अक्षरं. नगरपालिकेचा मळिगे, म्हणजे गाळा, असं तिथं असायला हवं होतं. पेंटरनं म-ला शेपूट दिलं होतं. माळिगे. जिन्याखालच्या त्या एवढ्याशा खोपटावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, नगरपालिकेची गच्ची.

मॅनेजर हातात रिकामा डबा घेऊन अनवाणी खाली उतरत होते. थकले होते, पण मला बघून त्यांनी वरूनच सांगायला सुरुवात केली की कुणाच्या गच्चीवर कुणाचं लुगडं वाळतंय. ते संपल्यावर मी त्यांना पाटी दाखवली. म्हटलं, सर, हे बरोबर करून घ्यायचं राहिलं का?

त्यांनी चपला पायात घातल्या, सावकाश मान वर केली आणि ते अक्षर बघत उभे राहिले. ते पहिल्यांदाच बघत होते असं मुळीच नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या बाई," ते म्हणाले. "जल्मभर तोंडातनं पडत आलाय माझ्या त्यो काना. हितं सावलीला येऊन बसलाय. भजी खाईत बसू दे त्याला."